कोपऱ्यातला हत्ती

जावयाने सासूबाईंना बुद्धिबळात हरवावं का, असं चार शहाण्या माणसांना विचारा. चौघेही विषय बदलतील. या गोष्टीतल्या जावयाने तर विषय निघायची वेळच येऊ दिली नव्हती. दर रविवारी तो सासूबाईंसमोर पट मांडून बसायचा आणि दर रविवारी डाव बरोबरीत सोडवायचा. हरायचं नाही, हरवायचं नाही, मग सगळ्यांनी हसतमुखाने चहाला बसायचं. यापलीकडे काही सुख असतं, असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून ऐकून घेतलं असतं, पण विश्वास ठेवला नसता.

धंद्याने तो लिफ्ट मेकॅनिक. या धंद्यात काहीही घडलं नाही म्हणजे काम चांगलं झालं. लिफ्ट वर गेली, खाली आली, कुणी अडकलं नाही, कुणी बोंब मारली नाही, की झालं. पाठीवर थाप मारायला कुणी येत नाही आणि तोही त्याची वाट बघत नसे. लहानपणी आई-वडील गेले आणि तो मामाकडे वाढला. मामा वाईट नव्हता, मामी वेळेवर जेवायला वाढायची, पण त्या घरात हा शेवटपर्यंत पाहुणाच राहिला. दार आपटायचं नाही, दुसऱ्यांदा मागून घ्यायचं नाही, कॅरममध्ये मामेभावाला हरवायचं नाही, हे सगळं तो न सांगता शिकला. ते हरवणं मात्र एकदा चुकून घडलं होतं. तेव्हा मामीने त्याच्याशी बोलणंच टाकलं, आणि त्या दिवसांत घास गिळताना कसं वाटायचं ते तो अजून विसरला नव्हता.

लग्न झालं आणि बायकोबरोबर त्याला सासूबाई मिळाल्या. लोक बायकोवर खूश होतात, सासूला सोसतात. या पठ्ठ्याला दोघी सारख्याच आवडल्या. सासूबाई निवृत्तीपर्यंत एका मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या मुख्य नर्स होत्या. सर्जनने हात पुढे करायचा अवकाश, हवं ते हत्यार त्या हातात पडायचं, आणि चुकीचं मागितलं तर बरोबर होतं तेच पडायचं. भलेभले डॉक्टर त्यांना टरकून असत. सासरे त्याउलट. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, कुणी आडवं आलं तर हॉर्नसुद्धा हळू वाजवणारा.

ही दोघं लग्नापासून बुद्धिबळ खेळत. पांढऱ्या सोंगट्या कायम सासूबाईंच्या. "पहिली चाल दुसऱ्याने करायची आणि मी बघत बसायचं? जमायचं नाही," असं त्यांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं म्हणे. "मला सिग्नलला थांबायची सवय आहे," म्हणून सासऱ्यांनी काळ्या घेतल्या, त्या जन्मभर. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मग त्यांची खुर्ची, त्यांच्या काळ्या सोंगट्या आणि रविवारची दुपार ओघानेच जावयाकडे आली.

सासरे खेळायचे तोच बचाव त्याने पुस्तकातून घोकून घेतला. कारो-कान असं त्याचं नाव. दणकट प्रकरण. पांढरा आला की एक प्यादं हळूच पुढे सरकवून दुसऱ्याला टेकू द्यायचा, उंट वेळेवर बाहेर काढायचा, मग मागचं दार लावून घ्यायचं. पहिल्या दहा चाली झाल्या की काळ्याची भिंत अशी उभी राहते की समोरच्याने डोकं आपटून घ्यावं. जावयाला हे फार पटलं. घोळ एवढाच होता की भिंत बांधून झाल्यावर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. मग तो हत्ती एक घर डावीकडे न्यायचा, पुढच्या चालीला उजवीकडे आणायचा. राजा कोपऱ्यात ठेवायचा, परत बाहेर काढायचा. सासूबाई त्वेषाने चालून यायच्या, भिंतीशी सोंगट्यांची मारामारी व्हायची, पट ओस पडायचा. बरोबरी.

असं दोन वर्षं चाललं. मग एका रविवारी चहा ओतता ओतता सासूबाई म्हणाल्या, "मी धाकटीकडे राहायला जातेय. महिनाअखेरीला."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर राहायची.

"किती दिवसांसाठी?" बायकोने विचारलं.

"दिवस कसले? कायमची. हे घर भाड्याने देऊन टाकू. मला एकटीला तीन खोल्या कशाला हव्यात? तुमचं तुमचं सगळं मार्गी लागलंय. इथे माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही."

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. दवाखान्यात पाळ्या लावाव्यात तशा सपाट आवाजात त्या बोलल्या, आणि बशीतला चहा पुसून घेतला. जावई म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा, आई." बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा प्यायचाच विसरला.

घरी जाताना बसमध्ये बायको उसळली. "'बरं वाटेल तसं करा'? तुला एवढंच सुचलं?"

"मी काय बोलणार? त्यांचा निर्णय आहे."

"तिला निर्णय नको होता रे, कुणीतरी भांडायला हवं होतं. बाबा गेल्यापासून ती विझत चाललीय. आधी शेजारणीशी वाद घालणं सोडलं. मग रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या देणं सोडलं. मागच्या महिन्यात माझ्या केसांना नावंसुद्धा ठेवली नाहीत. तू दर रविवारी समोर बसतोस आणि तुला दिसत नाही?"

त्याला दिसलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण घर नीट सांभाळलंय, कुठे खट्ट होऊ दिलं नाही. सासूबाई गेल्या तर रविवार जाणार, आणि रविवार गेला तर जिथे आपण पाहुणे नाही असं एकमेव टेबल जाणार, एवढं मात्र त्याला लख्ख कळलं.

काहीतरी करायला हवं होतं, आणि करण्यासारखं त्याच्या हातात एकच होतं, रविवारचा डाव. तो नीट खेळता आला तर त्या रमतील, रमल्या तर राहतील, असा त्याने सरळसोट हिशेब केला. आठवड्यात एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टचं दार दुरुस्त करायला तो गेला. तळमजल्यावर एका चष्मेवाल्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की हा चष्मेवाला काउंटरवर पट मांडून स्वतःशीच खेळत बसे. जावयाने जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं.

"पहिल्या दहा चाली मला झोपेतही येतात. पुढे काय करायचं तेच कळत नाही."

"मग काय करतोस?"

"हत्ती डावीकडे नेतो. मग उजवीकडे आणतो."

चष्मेवाला खो खो हसला. "म्हणजे घर बांधलंस, रंग दिलास आणि राहायला कुणी नाही! अरे, हा बचाव म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. यात काळ्याकडे बेत असतात. समोरच्याने मध्ये प्यादी रेटून जागा बळकावलेली असते ना? तुझ्या उंटापुढचं ते प्यादं अजून एक घर ढकल आणि त्याची फळी पोखर. अडचण होत असेल तर सोंगट्यांची अदलाबदल कर, म्हणजे हातपाय हलवायला जागा होते. नाहीतर घोडा एखाद्या मोक्याच्या घरात नेऊन बसव."

"आधी कुठलं?"

"ते पटाला विचारायचं."

तेवढ्यात एक बाई चष्म्याची काडी मोडली म्हणून आल्या आणि पटाला कसं विचारायचं ते राहूनच गेलं.

आता लिफ्टवाल्याच्या डोक्यात तीन कामं घातली की काय होणार? तो त्यांचा क्रम लावणार. दर महिन्याला आधी रुळांना तेल, मग ब्रेक, मग दोर, यात कधी बदल नाही. तसंच त्याने ठरवून टाकलं की आधी प्यादं, मग अदलाबदल, मग घोडा. पटावर काय चाललंय ते बघायची त्याला गरजच वाटली नाही. असा गाढवपणा हुशार माणसालाच जमतो.

रविवारी सासूबाईंनी नेहमीसारखं प्यादं रेटलं, त्याने नेहमीसारखी भिंत घातली, आणि भिंतीचा चुना ओला असतानाच ठरल्याप्रमाणे प्यादं पुढे ढकललं. राजा अजून मधोमध होता. ते प्यादं इतका वेळ राजाकडे येणारी तिरपी वाट अडवून उभं होतं, ते सरकलं आणि वाट सताड उघडी पडली. सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला. त्यांचा उंट त्या वाटेवर येऊन उभा राहिला.

"शह."

त्याने घोडा मध्ये घातला. त्यांनी वजीर आणला. त्याने ठरल्याप्रमाणे अदलाबदल करायला घेतली, तर त्यांच्या घोड्याला आत शिरायला आयती फट मिळाली. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. चहाचं आधण उकळायच्या आत काळा राजा भर चौकात मेला.

जावयाच्या कपाळावर घाम आला. आता या बोलणार नाहीत, असं त्याला वाटलं, आणि सासूबाई हसल्या. आधी नुसत्या खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बायको स्वयंपाकघरातून हातातला चमचा घेऊन धावत आली.

"अहो जावईबापू! चालू लिफ्टचं दार उघडून आत पाय घालाल का तुम्ही?"

"नाही, आई. आधी वीज बंद करतो."

"मग राजा मध्ये उभा असताना दार कसं उघडलंत? आधी त्याला नेऊन बसवायचं किल्लेकोटात, हत्तीच्या आडोशाला. मग काय दंगा घालायचा तो घाला!" त्यांनी पदराने डोळे पुसले. "पण खरं सांगू? दोन वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही काहीतरी केलंत. गाढवपणा केलात, पण केलात."

त्याला धीर आला. "बाबा काय करायचे इथे?"

"तुमचे सासरे?" सासूबाईंनी काळी सोंगटी उचलून हातात फिरवली. "ते गप्प बसायचे आणि मला हरवायचे. चांगलं सडकून हरवायचे. असा राग यायचा मला! तीन-तीन दिवस बोलायची नाही. दवाखान्यात जायची ती डोक्यात तो डाव घेऊनच. कुठे चुकलं, आता कसा धडा शिकवू, हेच. मग आपणच पट मांडायची. तुमच्याशी बरोबरी झाली की मी काय करते माहीत आहे? कप विसळते आणि आडवी होते."

मग जावयाला उमगलं. दोन वर्षं आपण ज्याला माया समजलो ते हे होतं तर.

"मला शिकवा," तो म्हणाला.

"म्हणजे शत्रूला दारूगोळा मीच पुरवू?"

"हो."

मग त्यांनी त्याचा नेहमीचा डाव दहाव्या चालीपर्यंत भराभर मांडला. भिंत तयार, राजा आडोशाला. "आता बघा. आमच्याकडे मोठा अपघात झाला की एकदम दहा पेशंट यायचे. नवशिक्या नर्सा जो जास्त ओरडतोय त्याच्याकडे धावायच्या. मी सांगायची, ओरडतोय त्याच्यात दम आहे, तो टिकेल. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. आता तुमच्या सोंगट्या बघा. गप्प कोण पडलंय?"

त्याने बघितलं. उंट बाहेर होता, घोडे उड्या मारायच्या तयारीत होते. वजिराच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, एक हत्ती डाव सुरू झाल्यापासून होता तिथेच उभा होता.

"हा."

"याला काय हवंय?"

"वाट हवीय. समोर आपलीच प्यादी आहेत."

"मग कुठलं प्यादं गेलं तर याला वाट मिळेल? इथे नाही, जरा बाजूला सरकून बघा."

त्याने बोट ठेवलं ते चष्मेवाल्याने सांगितलेल्याच प्याद्यावर. तेच प्यादं, तीच चाल, पण या वेळी ती का करायची ते त्याला दिसत होतं. ते प्यादं त्यांच्या प्याद्याशी भिडेल, दोघंही पटावरून जातील, तो उभा रस्ता मोकळा होईल, आणि कोपऱ्यातला हत्ती दोन घरं सरकून त्या रस्त्याच्या तोंडाशी येईल. त्याच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं पुस्तकात शोधत होता ते समोरच उभं होतं.

"बेत म्हणजे दुसरं काही नसतं हो," सासूबाई म्हणाल्या. "प्रत्येकाची विचारपूस करायची." आणि पट आवरता आवरता म्हणाल्या, "जाता जाता बरी मजा आली."

जाता जाता! त्याच्या आनंदावर पाणी पडलं. दारामागे रिकामी बॅग काढून ठेवलेली त्याने त्याच वेळी पाहिली.

तो आठवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. एका इमारतीच्या गच्चीवरच्या मोटरखोलीत दोराला हात लावून बसला असताना त्याच्या मनात आलं, गप्प पडलेल्या पेशंटकडे आधी जा, असं त्या आपल्याला सांगत होत्या, आणि आपल्या घरात गप्प कोण पडलं होतं? तो इतका शरमला की सुपरवायझरने खालून दोनदा हाक मारली ती त्याला ऐकूच आली नाही. संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मला आई इथे हव्यात." बायको म्हणाली, "मला कशाला सांगतोस? तिला सांग." तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं. त्याला जे काय सांगता येणार होतं ते पटावरच.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. सासूबाईंकडे गेल्या गेल्या बायको त्याच्या कानाशी कुजबुजली, "पाच वाजता घर बघायला एक जोडपं येणार आहे. आवडलं तर आजच पक्कं." खोक्यांत पुस्तकं भरलेली होती. भिंतीवरचं घड्याळ तेवढं काढायचं राहिलं होतं. पट मात्र मांडलेला होता.

"शेवटचा," सासूबाई म्हणाल्या आणि प्यादं पुढे केलं.

त्या दिवशी त्या इरेला पेटूनच खेळल्या. त्यांचं मधलं प्यादं थेट काळ्याच्या दारात येऊन बसलं. त्याने उंट बाहेर काढला, त्यांनी आपला उंट देऊन तो मारला. त्याने राजाला किल्लेकोटात नेलं. त्यांनी लगेच आपल्या राजापुढची प्यादी सोडली, एकामागून एक, काळ्या राजाचं छप्पर उडवायला. पूर्वी असं झालं की तो हत्ती डावीकडे न्यायचा. आज त्याने एकेका सोंगटीकडे बघितलं. तुझं काय? तुझं ठीक आहे. तुझं? तूही बरा आहेस. मग त्याने कोपऱ्याकडे पाहिलं आणि उंटापुढचं प्यादं ढकललं.

प्यादी भिडली, मारली गेली. रस्ता उघडला. हत्ती आला.

सासूबाईंनी भुवई उंचावली, पण त्यांचा हात थांबला नाही. त्यांचा वजीर काळ्या राजाच्या अंगणात उतरला, मागोमाग घोडा. जावयाचा हत्ती मोकळ्या रस्त्याने सुसाट खाली गेला आणि त्यांच्या हद्दीत दुसऱ्या ओळीत जाऊन उभा राहिला. त्यांची प्यादी सगळी हल्ल्यावर गेलेली, मागे त्यांचा राजा उघड्यावर.

आणि नेमकं तेव्हाच त्याला ते दिसलं. वजिराला वजीर भिडवता येत होता. त्यांना मारावाच लागला असता. मग हत्तींची अदलाबदल, मग सपाट पट, बरोबरी, चहा. कुणाचं काही बिघडलं नसतं. त्याचा हात वजिराकडे गेलासुद्धा. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका आठवड्यात सुटते?

दुसरी चाल होती ती उरलेला हत्तीही त्याच रस्त्यावर आणायची. ती केली तर त्यांना हल्ल्यासाठी आणखी एक चाल मिळणार होती. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं. एकाच चालीचा फरक होता, पण तो त्याच्या बाजूने होता. मामीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. कॅरमची सोंगटी भोकात पडली होती त्या दिवशीचा. मग त्याने समोर बघितलं, तर सासूबाई टेबलावर पुढे झुकलेल्या, गाल तापलेले, एक बट कपाळावर आलेली आणि डोळे पटावर खिळलेले. मागे ठेवलेली खोकी त्यांच्या गावीही नव्हती. किती महिन्यांनी अशा दिसत होत्या त्या!

त्याने हत्ती आणला.

सासूबाईंनी घोडा पुढे घातला, शह दिला. तो बाजूला झाला. त्यांनी पुन्हा शह दिला. तो पुन्हा बाजूला झाला, आणि मग त्यांच्याकडे शह उरला नाही. त्याचा पहिला हत्ती एक प्यादं खाऊन बाजूला सरकला, दुसरा त्याच्या जागी येऊन बसला. दोन हत्ती एका ओळीत, आणि त्या ओळीच्या टोकाशी पांढरा राजा.

बायको दारात उभी राहून नखं खात होती. सासूबाईंनी एकदा पट डावीकडून पाहिला, एकदा उजवीकडून, आणि राजा आडवा केला.

"हरले," त्या म्हणाल्या.

जावई म्हणाला, "आई, मी..."

"गप्प बसा!" सासूबाई कडाडल्या. हा आवाज ऐकून एके काळी सर्जनांच्या हातातल्या कात्र्या खाली पडत. "माफी मागाल तर याद राखा. मांडा. घोडा पुढे घातला तिथपासून परत मांडा. सरळसरळ जिंकत होते मी! तो घोडा नको होता पुढे घालायला. आणि अगं, तू काय बघत उभी आहेस? चहा टाक. आणि ते केस मागे बांध आधी, डोळ्यांत जातायत."

बायकोने केस मागे घेतले. तिचे डोळे भरून आले होते, पण त्याला केसांचा दोष नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. तिघांनीही घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजले होते. बायकोने दार उघडलं. एक तरुण जोडपं नीटनेटके कपडे घालून उभं होतं, मुलीच्या हातात मोजमापाची फीत होती.

"घर बघायला आलो होतो. महिनाअखेरीला रिकामं होतंय ना?"

बायकोने वळून आईकडे पाहिलं. सासूबाईंनी पटावरून मानही वर केली नाही.

"त्यांना सांग, होत नाहीये रिकामं. आणि चहा देऊन पाठव, उन्हातून आलीत पोरं."

"आई, पण मावशी तिकडे..."

"मावशीला मी सांगते काय सांगायचं ते. इथे हरून बसलेय मी, आणि उठून तिच्याकडे जाऊ? बरोबरी झाली असती तर गेले असते. हरलेल्या माणसाला असं उठून जाता येत नाही." त्यांनी जावयाकडे बोट केलं. "आणि यांना रविवारपर्यंत मोकळं सोडायचं नाही. मंगळवारी कामावरून सरळ इकडेच या. हं, घोडा मागे घ्या."

त्याने घोडा मागे घेतला. त्याला खूप काही म्हणायचं होतं. तुम्ही जाऊ नका, हे म्हणायचं होतं, आणि हे माझंही घर आहे, हेही. तो पटाकडे बघत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मोठ्या माणसाचं म्हणणं खोडून काढलं.

"नाही, आई. घोडा बरोबर होता. चूक त्याच्या आधीची आहे. सुरुवातीला तुम्ही तो उंट देऊन टाकलात ना, तिथे. माझा हत्ती जिथून आत आला, ते घर राखायला मग कुणी उरलंच नाही."

"मला शिकवताय?"

"हो."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"दाखवा," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.